थर्मासच्या डोक्यावरचा पेला

थर्मासमधून चहा ओतायला तीन हात लागतात. एका हातात बाटली, दुसऱ्यात पेला, आणि नुकतंच फिरवून काढलेलं बूच? माणसं ते काखेत धरतात, गुडघ्यांत दाबतात, दातांत पकडतात, नाहीतर करंगळीच्या बेचक्यात अडकवून तशीच बाटली तिरकी करतात. शेजारी टेबल असेल तर काही अडत नाही. पण शेजारी टेबल असतं तिथे थर्मासची गरज कितीशी असते! तो उघडला जातो तो बाकावर, दगडावर, गाडीच्या सीटवर, इस्पितळाच्या कॉरिडॉरमध्ये. बुचाची ओली, वाफाळलेली बाजू टेकवावी अशी स्वच्छ जागा तिथे सहसा नसते.

बाटल्या आखणं हे माझं काम आहे. लोक बाटली कशी उघडतात ते चोरून बघत बसायची खोड त्यातूनच लागली. आणि बघता बघता माझं एक मत तयार झालं आहे, जरा हट्टीच म्हणा: पेला असलेली बाटली आखायला घ्यायची तर सुरुवात पेल्यापासून करावी. बहुतेक जण उलटं करतात. आधी बाटली, मग तिचं बूच, मग बुचावर टोपी, आणि शेवटी कुणाला तरी आठवतं की ही टोपी उलटी केली की तिच्यात पिताही येईल. अशा टोपीतून प्यायलं की ती टोपीच आहे हे ओठांना लगेच कळतं.

तिसऱ्या हाताचा प्रश्न तसा सुटलेला आहे. बूच पूर्ण न काढता अर्धा वळसा सैल करायचं, की त्याच्या कडेला कोरलेल्या खाचेतून धार येते. किंवा बुचाच्या माथ्यावर बटण असतं, ते दाबलं की वाट उघडते. हात दोनच लागतात आणि दर खेपेला सगळी वाफ बाहेर जात नाही. पण बटण आलं की त्याखाली स्प्रिंग आली, स्प्रिंगखाली झडप, झडपेभोवती सिलिकॉनची बारीक रिंग. या सगळ्यांच्या मधे दुधाचा चहा जाऊन बसतो आणि दुसऱ्या दिवशी त्याचा वास येतो. त्यामुळे मी अर्ध्या वळशाच्या बुचाच्या बाजूनं आहे. बटण बसवायचंच असेल तर ते बूच हातानं सुटं करून धुता आलं पाहिजे, आणि पुन्हा जोडताना एखादी रिंग बसवायची राहिली तर ते बूच बसूच नये.

या बाटलीच्या पूर्वजाला पेला नव्हता. जेम्स ड्युअर हे स्कॉटिश शास्त्रज्ञ लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अतिशीत तापमानावर प्रयोग करत होते. थंड करून द्रवरूप केलेले वायू उकळून उडून जाऊ नयेत म्हणून त्यांनी 1892 मध्ये काचेचं दुहेरी भिंतीचं भांडं केलं आणि दोन भिंतींमधली हवा काढून टाकली. हवाच नाही म्हटल्यावर वहनानं आणि अभिसरणानं जाणारी उष्णता थांबली. उरलेली प्रारणाची वाट काचेवर चांदीचा मुलामा देऊन अडवता आली. पुढे 1898 मध्ये त्यांनी हायड्रोजनही द्रवरूप केला. अशा भांड्यावर पेला कोण चढवणार? द्रवरूप ऑक्सिजन ओतून घेऊन कुणी गप्पा मारत बसत नाही.

ड्युअर यांनी पेटंट घेतलं नाही. रायनहोल्ड बुर्गर हे काचकाम जाणणारे जर्मन गृहस्थ. काचेच्या भांड्याला बाहेरून धातूचं कवच दिलं तर ते घराबाहेरही नेता येईल हे त्यांनी ओळखलं, 1903 मध्ये त्याचं पेटंट घेतलं, आणि 1904 मध्ये थर्मास नावानं कंपनी उभी राहिली. ड्युअर कोर्टात गेले आणि हरले. म्हणजे भांडं एकाचं आणि बाजार दुसऱ्याचा. पण प्रयोगशाळेतून माणसांत आल्यावरच त्या भांड्याला कुणाच्या तरी ओठांची फिकीर करावी लागली.

ही फिकीर साधी नाही. बाटली जितकी चांगली, तितकं तिच्यातलं पेय प्यायला वाईट. चांगल्या पोलादी थर्मासमध्ये उकळता चहा भरला तर दोन-तीन तासांनीही तो जीभ पोळण्याइतका गरम असतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं 2016 मध्ये 65 अंश सेल्सिअसपेक्षा गरम पेयं पिणं हे अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरणाऱ्या गोष्टींच्या गटात घातलं. पेय कुठलं यापेक्षा ते किती गरम प्यायलं जातं हा मुद्दा होता. बाटलीला तोंड लावून पिणाऱ्याला हे तापमान ओठ लावल्यावरच कळतं, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

पेल्याचं खरं काम इथे सुरू होतं. बाटली उष्णता धरून ठेवणार आणि पेला ती सोडून देणार. दोघांचे स्वभाव विरुद्ध असले पाहिजेत. समजा 60 ग्रॅमचा पोलादी पेला आहे, 25 अंशांवर, आणि त्यात 85 अंशांचा 110 मिली चहा ओतला. पेला स्वतः तापण्यासाठी जी उष्णता खेचून घेतो, तेवढ्यानंच चहा 81 अंशांच्या आसपास येतो, फुंकर घालायच्याही आधी. मग उघड्या पृष्ठभागावरून वाफ जाते, आणि सुरुवातीला चहा निवतो तो मुख्यतः या बाष्पीभवनानंच. म्हणून पसरट पेला लवकर निववतो आणि उभट पेला उशिरा. आता हाच पेला दुहेरी भिंतीचा, निर्वात केला तर? जाहिरातीत छान दिसतं. पण मग बाटलीतून निसटलेल्या चहाला पेल्यानंही कोंडून ठेवलं, आणि प्यायला बसलेला माणूस वाट बघत बसला. बर्फाळ वाऱ्यात उभ्या असलेल्या गिर्यारोहकाला तसा पेला लागेल, नाही असं नाही. बाकीच्यांना मात्र पेल्यानं थोडं सैल असावं.

अर्थात फार सैलही चालत नाही, कारण बोटं भाजतात. स्टेनलेस स्टीलची उष्णतावाहकता मीटरला आणि अंशाला साधारण 15 वॅट, पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची जेमतेम 0.2. सत्तर-पंचाहत्तर पटींचा हा फरक बोटांना आणि खालच्या ओठाला ताबडतोब समजतो. एकेरी पोलादी पेल्याचा काठ चहाइतकाच तापतो आणि चहाच्या आधी ओठाला भिडतो. प्लास्टिकचा काठ भाजत नाही, पण तो जाड लागतो, आणि जाड काठावरून येणारा घोट कुणालाच आवडत नाही. मला पटलेली तडजोड अशी: आतून पोलाद, बाहेरून प्लास्टिक, मधे साधी हवा. निर्वात वगैरे काही नाही, नुसती अडकलेली हवा. बोटं सुखरूप राहतात आणि वरून वाफेला मोकळी वाट राहते. प्रश्न उरतो तो काठाचाच, की ओठाला दोहोंपैकी काय लागावं.

आणि काठाशीच सगळं घोडं अडतं, कारण तिथे आटे असतात.

पेला बाटलीवर फिरवून बसवायचा तर आटे पेल्याच्या आतल्या अंगाला, काठाजवळ हवेत. म्हणजे नेमके ओठ टेकतात तिथे. आपण चहा पितो तेव्हा तो आट्यांवरून उड्या मारत येतो, खोबणीत थोडा थांबतो, आणि पेला खाली ठेवला की हनुवटीवर किंवा बाहेरून ओघळतो. थांबलेला चहा वाळतो. एखादा वापरलेला पेला उजेडात तिरका धरून बघा. आट्याच्या खालच्या कुशीत एक बारीक तपकिरी रेघ दिसेल, आटा जसा चढतो तशीच तिरकी चढणारी. घासणी त्या कुशीत शिरत नाही. नख शिरतं, पण थोडंसंच. ही रेघ ज्या पेल्यात पडत नाही तो आखणाऱ्यानं पेल्याचा विचार केला होता, असं मी खुशाल धरून चालते.

रेघ टाळायला दोन गोष्टी करता येतात. पहिली म्हणजे आटे काठापासून किमान सेंटिमीटरभर आत ढकलायचे, म्हणजे ओठाला वरचा गुळगुळीत पट्टा मिळतो. दुसरी, आट्यांची धार काढून त्यांना गोलाई द्यायची. टोकदार आटा बोल्टाला शोभतो. इथे एवढ्याशा टोपीला त्याची गरज नाही. गोल आट्याचा आणखी एक फायदा मला साच्यांच्या कारखान्यातल्या एका अनुभवी कारागिरानं दाखवला. आतल्या बाजूला आटे असलेली वस्तू साच्यातून काढायची तर साच्याचा गाभा फिरवत बाहेर काढावा लागतो, आणि तसला साचा महाग आणि वेळखाऊ. त्यांनी माझ्या कागदावर पेन्सिलीनं आट्याचं टोक खोडून गोल केलं आणि म्हणाले, "मॅडम, असा द्या. पॉलिप्रॉपिलीन गरम असताना लवचीक असतं, सरळ ओढून निघेल." धुणाऱ्याची सोय आणि कारखान्याची सोय एकाच रेषेत येणं हा योग फार कमी वेळा जुळून येतो.

आट्यांबद्दल आणखी एक. पेला किती फिरवल्यावर सुटावा? एकेरी आट्याच्या टोपीला दोन-तीन वळसे लागतात, आणि दर वळशाला मनगट सोडून पुन्हा पकडावं लागतं. त्याऐवजी दोन किंवा तीन आटे शेजारी शेजारी सुरू केले तर एका वळशात टोपी तितक्या पट वर चढते. दोन आट्यांमधलं अंतर 4 मिलिमीटर आणि आटे दोन, तर एका फेऱ्यात 8 मिलिमीटर. सुजलेल्या सांध्यांच्या हाताला किंवा जाड मोजे घातलेल्या हाताला हा फरक जाणवतो. फक्त चढण इतकीही तीव्र करू नये की पिशवीतल्या धक्क्यांनी पेला आपोआप सैल व्हावा.

मग तो प्रसिद्ध प्रकार: पेला अडकून बसतो. सकाळी भरलेली बाटली, दुपारी उघडायला गेलं तर पेला जागचा हलत नाही. लोक म्हणतात फार घट्ट लावला होता. बहुतेक वेळा तसं नसतं. बूच लावताना त्याच्याभोवती वाफ असते, त्यावर लगेच पेला बसतो आणि ती दमट गरम हवा आत कोंडली जाते. ती निवते, वाफेचं पाणी होतं, आतला दाब उतरतो. पेला पूर्ण हवाबंद बसला आणि आतली हवा 60 अंशांवर वाफेनं भरलेली होती असं धरलं, तर ती 20 अंशांवर येईपर्यंत बाहेरची हवा 6 सेंटिमीटर व्यासाच्या पेल्यावर साधारण 8 किलोच्या वजनाइतका भार टाकते. त्या भाराखाली आटे एकमेकांवर घासत फिरवायचे म्हणजे जोर लागणारच. उपाय अगदी क्षुल्लक आहे: आट्यांना एका ठिकाणी उभी चीर ठेवायची, हवा ये-जा करण्यापुरती. गळती थांबवायची जबाबदारी बुचाची आहे, पेल्यानं ती अंगावर घ्यायचं कारण नाही. तरी किती पेल्यांना आतून रबरी रिंग घातलेली असते! वाटतं, दोन कुलपं म्हणजे जास्त सुरक्षित.

चीर ठेवली तरी पेला झाकण म्हणून काही गमावत नाही. बाटलीची भिंत निर्वात असते, पण तोंडाशी दोन्ही भिंती जुळतात आणि तिथून उष्णता धातूतून वर चढते. बुचातूनही थोडी जाते. पेल्याखाली साचलेला हवेचा थर तिथे पांघरुणाचं काम करतो. स्थिर हवा उष्णता फारच कमी वाहते, पॉलिप्रॉपिलीनच्याही जवळपास एक अष्टमांश.

पेला केवढा असावा हे ठरवताना गणित आणि माणसं दोन्ही मधे येतात. आतला व्यास 6 सेंटिमीटर, खोली 5, म्हणजे काठोकाठ 141 मिली. काठोकाठ कुणी भरत नाही. वर एक सेंटिमीटर सोडला तर 113. अर्ध्या लिटरच्या बाटलीतून असे चार पेले निघतात आणि तळाशी थोडं उरतं. व्यास 5 केला तर तेवढ्याच खोलीत हाती 80 मिलीसुद्धा येत नाही, तीन घोटांत संपतं आणि पुन्हा बूच सैल करा. व्यास वाढवला तर बाटली मुठीत मावत नाही. उंची वाढवली तर बाटली लांबट होते आणि पिशवीच्या कप्प्यातून डोकं बाहेर काढते. शिवाय पेल्याच्या आत बूच मावायचं असतं. बुचाची उंची वाढवली की पेल्याची खोली आपोआप वाढते, म्हणून काही जण बूच उंच करून पेला मोठा केल्याचा आव आणतात, आणि मग त्या खोल नळकांड्याच्या तळाशी बोट पोचत नाही.

मला 110 मिलीच्या आसपासचा पेला आवडतो. तेवढा चहा निवेपर्यंत माणूस थांबू शकतो, आणि पूर्ण गार व्हायच्या आत संपवू शकतो. पुढचा हवा असेल तर पुन्हा ओतायचा, पुन्हा गरम. मोठ्या मगात हे होत नाही. पहिला घोट भाजतो, शेवटचा थंडगार.

पेला डोक्यावरच असला पाहिजे असंही कुठे लिहिलेलं नाही. जुन्या, खिशात ठेवायच्या चपट्या मद्याच्या बाटल्यांना पेला खालून असायचा. वर काच, खालच्या अर्ध्या भागावर चांदीचा किंवा चांदीचा मुलामा दिलेला पेला नुसता सरकवलेला. आटे नाहीत की खाचा नाहीत, काठ स्वच्छ. अमेरिकी सैन्याच्या 1910 सालच्या नमुन्याच्या पाण्याच्या बाटलीचंही तेच. सुमारे लिटरभराची बाटली, आणि तिच्या बुडाशी चपखल बसणारा, तिच्यासारखाच एका बाजूनं आत वळलेला धातूचा पेला, घडीच्या दांड्याचा. बाटली त्यातून उपसून काढायची आणि पेला थेट आगीवर ठेवायचा. प्यायचं भांडं आणि शिजवायचं भांडं एकच. शिवाय सैनिकाला पाणी थेट बाटलीतून प्यायचं तर पेल्याला हात लावायची गरज नाही.

या बुडाच्या पेल्याचा मला हेवा वाटतो. झाकणाच्या कामातून तो सुटला, त्यामुळे त्याला फक्त पेला होता आलं. आट्यांची जागा घट्ट बसण्यानं घेतली. यात धोका एकच, की वापरून सैल झाला की तो कधी गळून पडला हे कळत नाही. थर्मासला हे जमवणं अवघड जातं, कारण बूड हा त्याचा टेकायचा आणि आपटायचा भाग. पण मग डोक्यावरच्या पेल्याचं तरी काय वेगळं? बाटली पडते तेव्हा पुष्कळदा डोक्यावरच पडते, आणि पोचा येतो तो पेल्याच्या बुडाला. पोच्यानं बूड वाकडं झालं की पेला टेबलावर डुगडुगतो. म्हणून बूड किंचित आत दाबलेलं आणि टेकायला कडेनं कंगोरा असलेलं ठेवतात. उलटा करून झाकण म्हणून बसवला की त्याच खळग्यात पावसाचं पाणी आणि धूळ साचते, ते वेगळं. तरी कंपनीला तिथे आपलं चिन्ह उठवायला जागा मिळते, त्यामुळे त्या खळग्यावर कुणी हरकत घेत नाही.

हल्ली बाजारात बिनपेल्याच्या बाटल्या वाढल्या आहेत. वर स्ट्रॉ, नाहीतर चोच, एका हाताने उघडायची, चालता चालता प्यायची. पाण्याला ते योग्यच आहे. गरम पेयाला आणि दुसऱ्या माणसाला मात्र ते सोसत नाही. तोंड लावलेल्या बाटलीत थोडी लाळ परत जातेच, आणि दूध असलेलं पेय कोमट होऊन तासन्‌तास पडून राहिलं तर जिवाणूंना तेवढं निमित्त पुरतं. पेल्यामुळे बाटलीचं तोंड कुणाच्याच तोंडाला लागत नाही. आजारी माणसाजवळ बसलेल्याला हे फार उपयोगी पडतं, आणि अनोळखी सहप्रवाशालाही पेला पुढे करता येतो. बाटली पुढे करायला माणूस कचरतो.

पेला पुढे केला की आपल्याला दुसरा पेला लागतो. तिथे एकात एक बसणारे दोन पेले आले, आणि त्यांची दुखणीही आली. दोन्ही पेल्यांना काठाकडे पसरत जाणारा उतार लागतो. तो फार कमी असला तर आतला पेला बाहेरच्यात पाचरीसारखा रुततो. मधे थेंबभर पाणी राहिलं तर दोन्ही भिंती एकमेकींना धरून बसतात आणि ओलाही टिकतो, मग कुबट वास. आतल्या पेल्याच्या बाहेरून तीन-चार बारीक उभ्या कण्या, म्हणजे उठावाच्या रेघा, काढल्या की भिंतींमध्ये फट राहते, हवा खेळते. फटीमुळे आतल्या पेल्याचा व्यास आणखी घटतो, हे ओघानं आलंच. म्हणजे एकाला 113 मिली आणि दुसऱ्याला 80. तो कुणी घ्यायचा हे ज्याचं त्यानं ठरवावं. मी पाहिलंय, ओतणारा बहुधा लहान पेला स्वतःकडे ठेवतो.

सध्या माझ्या टेबलावर असाच दोन पेल्यांचा नमुना आहे. कण्या तीन पुरतात की चार लागतील यावर वाद चालू आहे. तीनवर पेला नीट मध्यभागी बसतो, पण एका बाजूनं दाबला तर कलंडतो. चार असल्या तर एक कणी कुठेतरी नेहमी अधांतरी राहते आणि वाजते. उद्या दोन्ही प्रकार गरम चहानं ओले करून, न पुसता एकात एक घालून रात्रभर ठेवायचे आहेत.